नेरच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती

माझं सगळं उलटंपालटं झालं तो क्षण मला नेमका दाखवता येतो. नेरच्या आमच्या घराचं कुलूप निघालं आणि दार निघेना, तोच तो. किल्ली फिरली, कडी सरकली, मी दार ढकललं आणि दारानं मला परत ढकललं. बिजागऱ्या गंजल्या असत्या तर कुरकुरल्या असत्या. हे तसं नव्हतं. आतून कुणी जाडजूड माणूस पाठ लावून बसलाय असं वाटलं. मऊ, पण हट्टी.

तिथपर्यंत पोचलो कसा ते सांगतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं बालपण असंच कुठल्यातरी तालुक्याच्या गावात राहून गेलेलं असेल आणि ‘एकदा जाऊन येऊ’ असं दर दिवाळीला वाटत असेल. जा, जरूर जा. फक्त आधी फोन करून जा.

आम्ही नेर सोडलं तेव्हा मी आठवीत होतो. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते, प्रमोशन मिळालं आणि बदली पुण्याला झाली. घर विकलं नाही. पुढच्या दाराची किल्ली बाबांच्या कपाटात आली आणि मागच्या दाराची शेजारच्या देविदास काकाजींकडे राहिली. काकाजी म्हणजे अश्विनीचे वडील, आणि अश्विनी म्हणजे अशू. दोन्ही घरांचं परसदार एकच, मधे कुंपणसुद्धा नाही. कापसाच्या दिवसांत काकाजींची एक खोली कापसानं भरलेली असायची आणि आम्ही दोघं माळ्यावरून त्यात उड्या मारायचो. काकू ओरडायच्या, पण काकाजी म्हणायचे, ‘मारू दे, फुकटात तुडवून होते.’

अशूसाठी मी कॉलेज सोडलं असं माझी आई सगळ्यांना सांगते. खोटं आहे. इंजिनिअरिंग मी इंजिनिअरिंगमुळेच सोडलं. तिसऱ्या वर्षात एका सरांशी वाजलं, मी बॅग उचलली आणि वर्गाबाहेर पडलो तो परत गेलो नाही. अशूसाठी सोडायचं असतं तर दुसऱ्याच वर्षी सोडलं असतं. तेव्हा ती मला फेसबुकवर सापडली होती.

मग दोन वर्षं रोज मेसेज. मी म्हणायचो, घराचा फोटो पाठव, की ती पाठवायची. आमची पायरी, पायरीपाशी जास्वंद, निळं दार. बस, त्या फोटोंवर मी अख्खा संसार उभा केला. पुढच्या खोलीत माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, मधल्या खोलीत आम्ही दोघं, संध्याकाळी पायरीवर चहा. हे सगळं मी तिला लिहून पाठवायचो आणि ती अंगठा पाठवायची. जानेवारीत एका दुपारी तिचा मेसेज आला, ‘पाहुणे पाहून गेले. पोरगा बुटीबोरीले कंपनीत हाये.’

मला वाटलं, ती हाक मारतेय. दुसरं काय वाटणार? तासाभरात बाबांच्या कपाटातून किल्ली काढली, आईला सांगितलं मित्राकडे चाललोय आणि स्टेशन गाठलं. नेरला जायचं, काकाजींच्या समोर उभं राहायचं आणि अशूला मागायचं. प्लॅन एवढाच होता.

पुण्याहून नेरला जायचं तर रेल्वेनं बडनेऱ्याला उतरणं सगळ्यात सोपं. स्लीपर मिळाला तर घ्या. मला मिळाला नाही, म्हणून जनरलच्या डब्यात दाराशी बसून गेलो आणि रात्रभर गाणी ऐकून मोबाइल मारून टाकला. या मेलेल्या मोबाइलची गोष्ट पुढे येणार आहे. बडनेऱ्याला सकाळी थंडी अशी की हात खिशातून काढवेना. स्टेशनबाहेर आलुबोंडा खाल्ला. तो तिकडे फोडून, वर तर्री घालून देतात. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. ते तर्रीमुळेच आलं. दुसऱ्या प्लेटला गाडीवाल्यानं पैसे घेतले, तिसऱ्यांदा तर्री मात्र फुकट घातली. ‘पुन्याचे दिसता, खा अजून,’ म्हणाला. मी म्हणालो, ‘मी नेरचा आहे.’ तो हसला. ‘नेरचा असता तर डोये पुसले नसते.’

तिथून यवतमाळची एसटी. ती नांदगाव खंडेश्वरवरून जाते आणि दीड-दोन तासांत नेरला टाकते. खिडकी डाव्या बाजूची पकडा. रस्त्याच्या कडेनं बाभळी आहेत आणि त्या दिवसांत त्यांच्या काट्यांना कापूस लागलेला असतो. कापूस घेऊन जिनिंगच्या कारखान्याकडे जाणाऱ्या गाड्या इतक्या तट्ट भरलेल्या असतात की जाताजाता झाडं त्यांच्यातून चिमटीभर काढून घेतात. लहानपणी मला वाटायचं, बाभळीलाच कापूस येतो. त्या दिवशी बाभळी जवळजवळ रिकाम्या होत्या. माझ्या पुढच्या सीटवर दोन म्हातारे बसले होते, त्यांच्याकडून कारण कळलं.

‘गाड्याच कोनी काढून नाही राह्यलं.’

‘कायले काढन? अर्धा अळीनं खाल्ला, उरला त्याले भाव नाही. मी तं घरीच भरून ठेवला. पलंग बाहेर काढला, बायको म्हन्ते आता झोपू कुठी?’

‘मंग?’

‘मंग काय, कापसावर.’

दोघंही इतके हसले की कंडक्टरनं वळून पाहिलं. मीही हसलो. ते बोलत होते ते माझ्याबद्दलच होतं हे मला कळायला अजून अर्धा तास होता.

नेर स्टँडवर उतरलो. तालुक्याचं गाव आहे, त्यामुळे राहायची सोय होते. समोर लॉज आहेत, खोली आधी पाहून घ्या, गरम पाण्याचं विचारून घ्या. मी काही घेतलं नाही. माझं घर होतं ना! स्टँडपासून गल्लीपर्यंत डोळे मिटून जाईन असं वाटलं होतं, पण दोनदा चुकलो. जिथे चिंच होती तिथे मोबाइल टॉवर, जिथे मैदान होतं तिथे मंगल कार्यालय. गल्ली दिसली तसा जवळजवळ धावत सुटलो. निळं दार, पायरी, जास्वंद, सगळं फोटोतल्यासारखं. आणि मग ते दार उघडेना.

मी खांदा लावला. बोटभर फट पडली आणि फटीतून पांढरं काहीतरी बाहेर सांडलं, माझ्या बुटावर. मी चक्क मागे उडी मारली. समोरच्या ओट्यावर तूर पाखडत बसलेल्या मावशींनी सूप खाली ठेवलं.

‘कोन व्हय रे? दार तोडतं का?’

‘माझं घर आहे!’

‘अन् कापूस कोनाचा हाये?’

मी वाकून पाहिलं. कापूसच होता. सरकीसकट, वेचलेला, जरासा पिवळट. फटीतून दिसत होतं तेवढं सगळं पांढरं, खालपासून वरपर्यंत. आमच्या पुढच्या खोलीत, जिथे माझं दुकान होणार होतं तिथे.

रागाच्या भरात मी काकाजींच्या घरात घुसलो. चप्पल-बूट काढायचंही सुचलं नाही. तिथेही पुढची खोली छतापर्यंत भरलेली. भिंतीलगत एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट, तिच्यातून परसदारी निघालो. तिथे देव होते. म्हणजे खरोखर, सगळा देव्हारा अंगणात एका स्टुलावर, वर पत्र्याचा तुकडा, पुढे दिवा. कापूस घरात आला की दिव्याला बाहेर जावं लागतं आणि दिव्याबरोबर देवांनाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण त्या वेळी डोक्यात दुसरंच काही होतं.

आमचं मागचं दार नुसतंच लोटलेलं. बाहेरच्या बाजूला उघडतं ते, ओढलं आणि आत शिरलो. स्वयंपाकघरात पाऊल ठेवायला हातभर जागा, बाकी अंधार. बटण दाबलं, दिवा लागला नाही. मीटरचा फ्यूज काढून ठेवलेला, तारेतून ठिणगी पडू नये म्हणून. हे मला मागाहून कळलं. मोबाइल मेलेला. मी खिशातून लायटर काढला आणि पेटवला.

कानाखाली अशी बसली की मला आधी आवाज ऐकू आला आणि मग दुखलं. लायटर हातातून उडून अंगणात पडला. मला दंडाला धरून कुणीतरी बाहेर फरफटत आणलं. देविदास काकाजी. केस पिकलेले, डोळे लाल.

‘मरतं का बे? अन् आमाले मारतं का? कोन हायेस तू?’

‘पिंट्या,’ मी म्हणालो. बावीस वर्षांचा माणूस, पुण्याहून लग्नाची मागणी घालायला आलेला, गालाला हात लावून म्हणतो, पिंट्या.

‘पिंट्या?’ त्यांचा चेहरा एकदम उतरला. ‘सायबाचा पिंट्या? अबे... मले वाटलं कोनी बिडी प्यायले घुसला. लागलं का जास्त? ये, बस. अवो, पानी आन.’

इथेच मी थांबायला हवं होतं. पण समोरच्या मावशी मागोमाग परसात आल्या होत्या, त्यांच्या मागे अजून दोन बाया, आणि सगळ्यांनी मला थोबाडीत खाताना पाहिलं होतं. माझं डोकं फिरलं.

‘घर आमचं आहे काकाजी. कुणाला विचारून भरलंत? आत्ताच्या आत्ता खाली करा.’

काकाजींनी खिशातून मोबाइल काढला, एक नंबर लावला आणि माझ्या हातात दिला. पलीकडे बाबा.

‘अरे, मीच दिलं त्यांना घर,’ बाबा म्हणाले. ‘रिकामंच तर पडलंय. भाव आला की विकतील आणि अशूचं लग्न करतील. बुटीबोरीचा मुलगा आहे, चांगला आहे. तुला सांगायचं राहिलं. पण तू तिथे काय करतोयस?’

मी फोन ठेवला. म्हणजे मी ज्याच्यावर दार ढकलत होतो ते अशूचं लग्न होतं. माझ्याच घरात, माझ्याच बाबांनी ठेवून घेतलेलं, गच्च दाबून भरलेलं. भाव येण्याची वाट पाहत.

आणि मी काय केलं? तेच पुन्हा म्हणालो. ‘मला नाही माहीत. खाली करा.’

काकाजींनी तोंडाला दुपट्टा बांधला. अंगणात एक जुनं लुगडं अंथरलं, आत गेले, दोन्ही हातांनी कापूस कवेत घेऊन बाहेर आणला आणि लुगड्यावर टाकला. परत आत. काकू पाण्याचा गडवा घेऊन तशाच उभ्या.

‘आवो, आभाय आलं हाये! भिजन ना सगळं!’

‘घर त्याह्यचं हाये,’ काकाजी म्हणाले आणि तिसरी खेप आणायला गेले.

खरंच आभाळ आलं होतं. जानेवारीतलं काळं, फुकटचं आभाळ. भिजलेल्या कापसाला कुणी विचारत नाही एवढं मलाही ठाऊक होतं. मी गडवाभर पाणी पिऊन तिथेच उभा राहिलो. वाटत होतं, काकाजी चिडतील, भांडतील, मग मी अशूचं बोलेन. ते भांडतच नव्हते. माझ्याकडे पाहतसुद्धा नव्हते. ढीग वाढत चालला.

तेवढ्यात स्कूटी परसात येऊन थांबली. टायपिंगच्या क्लासहून आलेली अशू. तोंडाला स्कार्फ, फक्त डोळे दिसत होते आणि मी ते लगेच ओळखले.

‘कोनं सांगतलं बाहेर काढायले?’

काकूंनी हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं.

‘पिंट्या? तू?’ तिनं स्कार्फ सोडला. धावत आली वगैरे नाही. स्टँड लावलं, चावी काढली, मग आली. ‘काहून आला?’

सगळ्यांसमोर बोललो. आता काय उरलं होतं? ‘तुझ्यासाठी आलोय अशू. म्हणालो होतो ना, आपण इथेच राहू. या घरात. त्या बुटीबोरीवाल्याला नाही म्हणून सांग. मी आहे ना.’

बायांपैकी एकीनं पदर तोंडाला लावला. काकाजी कवेत कापूस घेऊन दारातच थांबले.

अशूनं कुर्त्याच्या बाह्या वर केल्या. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत लाल पुरळ, कुठे कुठे खाजवून रक्त आलेलं.

‘पाह्य. दिवाळीपासून होयीच्या सणापर्यंत असंच रायते. दरवर्षी. गादीत कापूस, केसात कापूस, भाताच्या घासात कापूस. तुह्या घरात मीच भरला हा, मीच तुडवला. अन् तू मले म्हन्तं, इथीच राहू?’

‘तू अंगठे पाठवायचीस,’ मी म्हणालो. कसलं बावळट वाक्य, पण तेच तोंडातून निघालं.

‘मंग काय पाठवू? मी तुले विचारो, पुन्यात मेट्रो झाली का, तुह्ये दोस्त कुठी जाते, पोट्ट्या एकट्या रूम घेऊन रायते ते खरं हाये का. तू सांगे जास्वंद. फोटो पाठव म्हने, मी दाराचा पाठवो. आतला कधी मांगतला का तू?’ तिचा आवाज चढला नव्हता, हे जास्त वाईट होतं. ‘इथचे सारे बाहेर निघायले पाहून राह्यले अन् तू किल्ली घेऊन आत येऊन राह्यला. तो पोरगा बाबांनं नाही, म्या पसंत केला. दोन खोल्याचा क्वार्टर हाये कंपनीचा. पाहून आली मी. तिथी कापूस ठेवाले परमिशन नाही.’

मावशी फस्सकन हसल्या. अशूही हसली, जराशी. मला हसू येत नव्हतं. मला काहीच येत नव्हतं. कानाखाली बसलेली त्यापुढे काहीच नव्हती.

आणि थेंब पडला. पत्र्यावर टण्णकन एक, मग दोन.

‘माय व!’ काकू ओरडल्या आणि सगळं अंगण एकदम हललं. मावशींनी लुगड्याचं एक टोक धरलं, काकूंनी दुसरं. कुणी मला काही सांगितलं नाही. मी आत शिरलो, स्वयंपाकघरातच बूट काढले. काढलेला कापूस पुन्हा आत जात नाही. फुगतो तो, दुप्पट जागा मागतो. तुडवल्याशिवाय इलाज नाही. अशू आधीच वर चढली होती. मीही चढलो. खालून गाठोडी येत होती आणि आम्ही दोघं गुडघाभर कापसात उभे राहून पायांनी दाबत होतो. हवा इतकी कोंदट, इतकी गरम की श्वास घेता येत नव्हता. आमचा उंच आढ्याला लांब दांडीनं टांगलेला पंखा गळ्यापर्यंत कापसात बुडाला होता, त्याची पाती मी पायानं चाचपली. खाली कुठेतरी मधली खोली होती. मी लिहून लिहून सजवलेली.

‘कोपऱ्यात दबून नाही राह्यला,’ अशू म्हणाली. ‘माळ्यावर चढ. उडी मार.’

मी तिच्याकडे पाहिलं.

‘मार ना बे. वजन हाये आता तुले.’

मी माळ्यावर चढलो आणि उडी मारली. चार-पाच वेळा मारली. ती नाही. ती कडेला उभी राहून कुठे खड्डा पडला, कुठे फुगलं ते सांगत होती, आणि दर वेळी मी वर आलो की माझ्याकडे न पाहता म्हणायची, ‘अजून एक.’

पाऊस तसा आलाच नाही. दहा-वीस थेंब टाकून पुढे यवतमाळकडे सरकला. काकूंनी भाकर आणि वांगं-सोले वाढले. सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे. जानेवारीत गेलात तर कुणाच्या तरी घरी हे मिळवाच, हॉटेलात मिळत नाहीत. मी अंगणात, देवांच्या स्टुलाशेजारी बसून जेवलो. काकाजींनी माझा लायटर शोधून धुऊन-पुसून आणून दिला आणि म्हणाले, ‘लग्नाले येजो.’ टोमणा नव्हता. तेच जड गेलं.

आता पुण्यात बसून हे लिहितोय. खर्च म्हणाल तर फारसा नाही झाला. रेल्वे, एसटी आणि आलुबोंडा धरून हजाराच्या आतच राहिलो. परत आलो तेव्हा हातांवर तसंच पुरळ उठलं होतं. आई म्हणाली डॉक्टरकडे जा, मी नुसतं खोबरेल तेल लावलं. ते गेलंय आता. गेलं त्या दिवशी थोडं वाईट वाटलं. पुण्याची मेट्रो झाली नाही अजून, खांब उभे राहतायत. परवा त्यांचा फोटो काढला होता. कुणाला पाठवायचा ते कळेना, मोबाइलमध्येच आहे. रोज राग येतो. कधी अशूचा, कधी त्या बुटीबोरीवाल्याचा, बहुतेक वेळा त्या निळ्या दाराचा, ज्याचे इतके फोटो मी जपून ठेवले. बालपणाच्या गावाला जाऊन काय मिळालं असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. पण तिथे अजून जागा आहे असं समजून जाऊ नका. जागा कुणीतरी वापरतंय. त्यांना गरज आहे.

त्या दिवशी जेवून झाल्यावर निघायची वेळ झाली. अशू हातांना तेल चोळत ओसरीवर बसली होती. ‘जातो,’ म्हणालो. ‘पोचला का मेसेज टाकजो,’ म्हणाली. नेहमीसारखं, कुणालाही म्हणावं तसं. माझे बूट आमच्या स्वयंपाकघरात राहिले होते, ते आणायला शेवटचा आत गेलो. उंबऱ्याशी कापूस सांडला होता. तो बोटांनी गोळा केला आणि आत कोंबला. भिंतीतल्या देवळीतही थोडा गेला होता, जिथे आजी समई ठेवायची, तो तसाच राहू दिला. बूट हातात घेऊन बाहेर आलो आणि दार लोटलं.

लागेना. आतून तोच मऊ, हट्टी माणूस ढकलत होता. मी बूट खाली ठेवले, पाय रोवले, खांदा लावला आणि सगळं वजन टाकलं. हळूहळू तो मागे सरला. मी कडी घातली, ओढून पाहिली, आणि निघालो.